अवकाशातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीत किती मीटरची चूक? मराठवाड्यात तपासताना

डेम म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा. एसआरटीएम (फेब्रुवारी 2000 ची अवकाश-शटलवरची रडार मोहीम) किंवा कोपर्निकस (युरोपचा, उपग्रह-रडारवरून केलेला) डेमवरची उंची तपासायला दुहेरी वारंवारतेच्या जीएनएसएसने (जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान काढणाऱ्या यंत्राने) किमान 30 बिंदू मोजा. बिंदू सपाट, उघड्या पडीक रानात घ्या. बांध, रस्त्याचा भराव, विहिरीचा काठ टाळा. एक पिक्सेल 30 मीटरचा, तेवढा भाग तरी सपाट हवा.

खरी गफलत आधारपातळीत, म्हणजे उंची कुठून मोजली यात, होते. जीएनएसएस लंबगोलावरची (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारावरची) उंची देतो; एसआरटीएम ईजीएम 96 वरची, कोपर्निकस ईजीएम 2008 वरची. ही दोन्ही जिऑइडची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या सरासरी समुद्रपातळीची, प्रतिमाने आहेत. मराठवाड्यात जिऑइड लंबगोलाच्या 50 मीटरहून जास्त खाली आहे, म्हणजे एन (लंबगोलापासून जिऑइडची उंची) ऋण. सूत्र: एच (जिऑइडवरची उंची) = लंबगोलीय उंची − एन. सगळे फरक एकाच दिशेने 50 मीटरहून जास्त आले, तर डेमला दोष देण्याआधी हेच तपासा.

बिंदूवरची डेमची उंची द्विरेखीय अंतर्वेशनाने (शेजारच्या चार पिक्सेलांच्या भारित सरासरीने) काढा. डेम वजा जीएनएसएस या फरकांची सरासरी म्हणजे पूर्वग्रह (एकाच दिशेची कायमची चूक). आरएमएसई (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) सोबत एनएमएडीही द्या: मध्यकापासूनच्या (मीडियनपासूनच्या) निरपेक्ष फरकांचा मध्यक × 1.4826. एखाद-दुसऱ्या वाह्यात बिंदूने आरएमएसई फुगते, एनएमएडी फारशी नाही.

बालाघाट डोंगररांगेचे उतार वेगळे मोजा, तिथे डेम आडवा थोडा सरकलेला असला तरी उंचीत चूक दिसते. उभ्या उसात रडार जमिनीपर्यंत पोचेलच असे नाही. जायकवाडीचे पाणी तर मोजूच नका. डेममध्ये जलाशय सपाट केलेले असतात.