वायरगार्डच्या डेमो सर्व्हरला आयपीव्ही६ देताना

वायरगार्ड या व्हीपीएनच्या (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी, सांकेतिक जोडणीच्या) डेमो सर्व्हरवर आयपीव्ही६ (आयपीव्ही४ नंतरची इंटरनेट-पत्त्यांची पद्धत) आणायचं म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. क्लायंटला सर्व्हरपर्यंत आयपीव्ही६ वरून पोचता आलं पाहिजे, आणि टनेलच्या (व्हीपीएनच्या त्या जोडणीच्या) आतूनही आयपीव्ही६ वाहिलं पाहिजे. दुसरं राहून गेलं तर डेमो उलटतो. आयपीव्ही४ टनेलमधून जातं, आयपीव्ही६ मात्र घरच्या राउटरवरून सरळ बाहेर पडतं आणि पत्ता दाखवणाऱ्या साइटवर माणसाचा खरा पत्ता झळकतो.

बाहेरची बाजू सोपी. वायरगार्ड एकाच यूडीपी पोर्टवर (बहुधा ५१८२०) दोन्ही प्रकारची पॅकेट्स घेतो. आयपीव्ही६ च्या फायरवॉलमध्येही तो पोर्ट उघडा. एन्डपॉइंटमध्ये (क्लायंटच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं ठिकाण लिहितात ती ओळ) थेट पत्ता लिहिणार असाल तर तो चौकटी कंसात टाका, पुढे कोलन (:) आणि पोर्ट. डीएनएसमधला क्वाड-ए रेकॉर्ड (नावाचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद) सगळी चाचणी झाल्यावरच टाका. वायरगार्डचं टूल सुरू होताना नावाचा एकच पत्ता उचलतं. तो चालला नाही तर आपणहून आयपीव्ही४ कडे वळत नाही, हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) नुसता रखडतो.

आतल्या बाजूसाठी होस्टिंगवाल्याला एकच प्रश्न विचारा: दिलेला /६४ (पहिले ६४ बिट समान असलेला पत्त्यांचा गट) सर्व्हरकडे राउट केलेला (त्याची सगळी पॅकेट्स थेट सर्व्हरकडे येतात असा) आहे की नुसता ऑन-लिंक (सगळे पत्ते त्याच लिंकवर आहेत असं धरलेला)? राउट केलेला असेल तर निम्मं काम झालं. ऑन-लिंक असेल तर वरचा राउटर प्रत्येक क्लायंटचा पत्ता 'हा कुणाचा?' म्हणून लिंकवर विचारतो, आणि टनेलपलीकडच्या क्लायंटपर्यंत तो प्रश्न जातच नाही. लक्षण ठरलेलं: पॅकेट्स बाहेर जातात, उत्तरं येत नाहीत, आणि टीसीपीडंपमध्ये (पॅकेट्स दाखवणारं टूल) नेबर सॉलिसिटेशनची (त्याच 'हा कुणाचा?' प्रश्नांची) रांग दिसते. उपाय म्हणून /६४ मधला एक /११२ (६५,५३६ पत्ते) टनेलला द्या आणि त्यासाठी एनडीपी प्रॉक्सी (क्लायंटच्या वतीने सर्व्हरने त्या प्रश्नांना उत्तर देणं) चालवा. त्यापेक्षा वेगळा राउट केलेला प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) मिळत असेल तर तोच मागा.

खासगी एफडी-पत्ते (fd ने सुरू होणारे) आणि नॅट (बाहेर जाताना पत्ता बदलणं) हा मार्ग मोहात पाडतो, पण डेमोसाठी तो वाईट. पत्ता निवडण्याच्या ठरलेल्या नियमांत खासगी आयपीव्ही६ चा क्रम आयपीव्ही४ च्या खाली लागतो. त्यामुळे सगळं नीट चालत असूनही ब्राउझर बहुधा आयपीव्ही४ च वापरतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, आयपीव्ही६ नाहीच.

आता फॉरवर्डिंग, म्हणजे एका इंटरफेसवर आलेली पॅकेट्स दुसऱ्यावरून पुढे पाठवणं. लिनक्सवर आयपीव्ही६ फॉरवर्डिंग चालू केलं की कर्नल स्वतःला राउटर समजतो, राउटर ॲडव्हर्टाइजमेंट (राउटर स्वतःची ओळख देत पाठवतो ते निरोप) ऐकणं थांबवतो आणि त्यातून मिळालेला डीफॉल्ट राउट काढून टाकतो. म्हणून आधी बाहेरच्या इंटरफेसवर ॲक्सेप्ट-आरए (ते निरोप ऐकण्याचं सेटिंग) २ करा, मगच फॉरवर्डिंग १ करा. राउट हाताने लिहिलेला असेल तर ही भानगड नाही.

प्रत्येक पीअरला (जोडलेल्या क्लायंटला) सर्व्हरच्या बाजूला नेमका /१२८ (एकच पत्ता) द्या. क्लायंटच्या अलाउड-आयपीजमध्ये (टनेलमधून कुठले पत्ते जातील ती यादी) ०.०.०.०/० (सगळं आयपीव्ही४) सोबत ::/० (सगळं आयपीव्ही६) हवंच. पत्ते आपोआप वाटणारी स्क्रिप्ट असेल तर जपा: एकच पत्ता दोन पीअर्सना दिला की तो मुकाट्याने नंतरच्याकडे जातो, आधीचा बंद पडतो, आणि एररही येत नाही. आयपीव्ही४ पत्ता १०.१०.०.२३ असेल तर आयपीव्ही६ च्या शेवटीही २३ च लावा. लॉग वाचताना बरं पडतं.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती फायरवॉल. इथे नॅट नाही, म्हणजे डेमो वापरणाऱ्याचा लॅपटॉप उघड्या इंटरनेटवर येतो. फॉरवर्ड साखळीत बाहेरून आत फक्त आधीच सुरू झालेल्या कनेक्शन्सची उत्तरं येऊ द्या, आणि क्लायंट ते क्लायंट रस्ता बंद ठेवा. आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे आपसातले निरोप) मात्र सरसकट अडवू नका. आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत. 'पॅकेट टू बिग' हा निरोप (टाइप २) अडला की पिंग चालतो, पान अर्ध्यात अडकतं.

वायरगार्डचा प्रत्येक पॅकेटमागचा वरचा बोजा आयपीव्ही४ वर ६० बाइट, आयपीव्ही६ वर ८०. म्हणून एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सहसा १४२० असतो. लोक कुठल्या नेटवर्कवरून येतील ठाऊक नसल्यामुळे डेमोच्या क्लायंटला १२८० द्या. त्याखाली मात्र जाऊ नका, कारण तिथे लिनक्स त्या इंटरफेसवरचं आयपीव्ही६ च बंद करतो.

तपासताना क्लायंटवरून आधी सर्व्हरचा टनेलमधला पत्ता पिंग करा, मग बाहेरचा एखादा आयपीव्ही६ पत्ता, मग नाव, आणि शेवटी एक मोठी फाइल उतरवून बघा.