मुतखड्याचा फोटो काढताना: कोणती तपासणी, कशासाठी

कुशीत एकाएकी उठून जांघेपर्यंत उतरणारी कळ आली की मुतखड्याची शंका येते आणि घरचे लोक लगेच 'फोटो काढून घ्या' म्हणतात. त्यापूर्वी नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. खडा आहे का, तो कुठे अडकला आहे, मूत्रपिंडाला सूज आली आहे का आणि ते मूत्रपिंड अजून किती काम करते, हे वेगवेगळे प्रश्न आहेत व त्या सर्वांची उत्तरे एकाच तपासणीत मिळत नाहीत. मात्र कळेबरोबर थंडी वाजून ताप आला असेल, किंवा लघवी होणेच थांबले असेल, तर तपासणी केंद्रे शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रपिंडातील जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

सुरुवात बहुधा सोनोग्राफीने होते. तिच्यात क्ष-किरण नसल्यामुळे गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठीही तीच पहिली तपासणी ठरते. डॉक्टरांनी पाणी कमी पिण्यास सांगितलेले नसेल, तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन, लघवी रोखून जावे. मूत्रनलिका जिथे मूत्राशयात उघडते त्या अरुंद जागी खडा वारंवार अडकतो आणि मूत्राशय भरलेले असेल तरच ती जागा नीट पाहता येते. मूत्रनलिकेचा मधला भाग मात्र आतड्यांतील वायूआड दडतो. म्हणून अहवालात 'खडा दिसला नाही, मूत्रपिंडाला सौम्य सूज आहे' असे लिहिलेले असेल, तर खडा नाही असा निष्कर्ष काढू नये. ती सूज पुढे कुठेतरी अडथळा असल्याची खूण असू शकते.

आकाराबाबत होणारा गैरसमज मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सोनोग्राफीत लहान खडा बहुधा असतो त्याहून मोठा भरतो. सोनोग्राफीत ७ मिमी मोजलेला खडा महिन्याने सीटी स्कॅनमध्ये ५ मिमी भरला, की काढ्याने तो झिजला असे वाटते. वास्तविक खडा तेवढाच असू शकतो, बदललेली असते ती मोजपट्टी. उलट क्रमाने तपासण्या झाल्या तर खडा वाढल्याची विनाकारण धास्ती बसते. तुलना करायची ती एकाच प्रकारच्या तपासणीची, आणि प्रत्येक वेळी जुने अहवाल व फिल्म सोबत न्याव्यात.

साधा एक्स-रे स्वस्त आहे आणि त्यात एकदा दिसलेला खडा पुढे सरकतो आहे का, हे पाहण्यास पुरेसा आहे. त्यात कॅल्शियमचे खडे सहसा दिसतात, निव्वळ युरिक अ‍ॅसिडचे दिसत नाहीत.

सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे साधा, अर्थात कॉन्ट्रास्ट (चित्रात अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) न देता केलेला सीटी स्कॅन. युरिक अ‍ॅसिडच्या खड्यांसह जवळजवळ सर्व खडे त्यात दिसतात, शिवाय खड्याच्या घनतेवरून तो बाहेरून दिलेल्या लहरींनी फुटेल का, याचा अंदाज बांधता येतो. येथे 'साधा' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मूत्रमार्गात उतरलेले कॉन्ट्रास्ट खड्याइतकेच पांढरे दिसते आणि खडा त्यात झाकला जाऊ शकतो. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या अशा स्कॅनमध्ये सुमारे १० मिलिसिव्हर्ट किरणमात्रा मिळू शकते, तर कमी मात्रेच्या पद्धतीत ती ३ च्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवता येते. ती पद्धत केंद्रात उपलब्ध आहे का, हे अवश्य विचारावे, कारण मुतखडा पुन्हा पुन्हा होणाऱ्या तरुण रुग्णाला आयुष्यात असे अनेक स्कॅन करावे लागू शकतात. अतिशय स्थूल व्यक्तींमध्ये मात्र कमी मात्रेचे चित्र पुरेसे स्पष्ट येत नाही.

मूत्रपिंड किती काम करते, हे साधा सीटी सांगत नाही. दोन मूत्रपिंडांपैकी कोणते किती वाटा उचलते, हे पाहण्यासाठी डीटीपीएसारखा रेनोग्राम, म्हणजे शिरेतून अल्प किरणोत्सर्गी द्रव्य देऊन प्रत्येक मूत्रपिंडाचे काम मोजणारी तपासणी, करावा लागतो. खडा बराच काळ अडकून मूत्रपिंड फुगलेले असेल, तर शस्त्रक्रियेची दिशा त्यावरून ठरू शकते.

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे मात्र धरून चालू नये. लघवी गाळणीतून गाळावी, सापडलेला खडा कोरडा करून रासायनिक तपासणीसाठी द्यावा आणि तो हाती लागला नाही तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी. वेदना नसतानाही अडकून राहिलेला खडा मूत्रपिंड हळूहळू निकामी करू शकतो.