मैत्रिणीबरोबर पोलीस स्टेशनला जाताना

बडोद्यात २१ वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. रात्री दारावर थाप पडायची आणि समोर एखादी मुलगी थरथरत उभी असायची. आज तुमच्यापैकी कुणाच्या दाराशी लैंगिक अत्याचार झालेली अशी मैत्रीण आली, तर आधी तिला आत घ्या, बसू द्या, पाणी द्या. ‘एवढ्या रात्री गेलीसच कशाला’ हे ओठांवर आलं तरी गिळा. कुठे दुखतंय का आणि आत्ता तुला काय हवंय, एवढंच विचारा. तक्रार करायची की नाही, ते तीच ठरवेल. ती अठराच्या आतली असेल, तर मात्र पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. ते तिला आधी सांगा, तिच्यामागून काही करू नका.

शक्य असेल तर तिने अंघोळ करू नये. केली असेल तरी काही हातचं गेलेलं नाही, निघा. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. याच कामासाठी मी वाण्याच्या खाकी पिशव्या कपाटात घडी घालून ठेवायचे. अंगावरचे कपडे पोलीस ठेवून घेतात, म्हणून एक जोड सोबत न्या.

आधी दवाखान्यात गेलात तरी चालतं. आपलं सरकारी सयाजी हॉस्पिटल असो की खाजगी, उपचार लगेच आणि फुकट द्यायचे असं कायदा सांगतो. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. तपासणी तिच्या संमतीनेच. ‘टू फिंगर’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणी करणं हे गैरवर्तन आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. कुणी करू लागलं तर तिथेच थांबवा.

आता पोलीस स्टेशन. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणाले तर ‘झिरो एफआयआर घ्या’ म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार इथेच नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, कलम १७३ मध्ये, ते लिहिलेलंच आहे. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा. आपल्याकडे आणखी एक वाट दाखवतात: ‘अरजी आपी दो, तपास करीशुं’, म्हणजे अर्ज द्या, तपास करू. अरजी म्हणजे एफआयआर नव्हे, आणि ‘जाणवाजोग’ ही नुसती माहितीची नोंद, तीही एफआयआर नव्हे. अशा गुन्ह्याची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिन्यांची कैद आहे. हे शांतपणे, आवाज न चढवता सांगा.

सगळ्यात जास्त वेळ जबाब वाचायला ठेवा. आपण मराठीत सांगतो, कागद गुजरातीत उतरतो. डांडिया बाजारची एक मुलगी म्हणाली होती, ‘भीतीने माझं अंग गार पडलं, आवाजच फुटेना.’ कागदावर आलं, ‘में बूमाबूम करी न हती’, म्हणजे मी आरडाओरडा केला नाही. वाक्य खोटं नव्हतं, पण कारण गळलं होतं, आणि उद्या कोर्टात तेवढंच वाक्य तिच्या अंगावर आलं असतं. मी ओळ न् ओळ मोठ्याने वाचायला लावली आणि ‘बीकना मार्या’, म्हणजे भीतीपोटी, हे शब्द घालून घेतले. त्याला चाळीस मिनिटं लागली. सही त्यानंतरच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

कॉलेजच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. ‘आधी आमची चौकशी संपू दे’ हे ऐकू नका. समितीची चौकशी आणि पोलिसांचा तपास दोन्ही एकाच वेळी चालतात.

आणि तुमच्यातल्या ज्या मुली कॉलेजचं मासिक किंवा इन्स्टाग्रामचं पान चालवतात, त्यांच्यासाठी. आमच्या वसतिगृहाच्या भित्तिपत्रकात एकदा अशीच एक बातमी लागली. नाव नव्हतं. दुसरं वर्ष, तळमजल्यावरची खोली, गावाचं नाव, एवढं होतं. रात्री मेसमध्ये सगळ्या माना एकाच ताटाकडे वळल्या. ती मुलगी न जेवता उठली. मंजुरीची सही माझी होती. अजून ते ताट डोळ्यांसमोरून हलत नाही.

पीडितेची ओळख उघड केली तर न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ज्यातून ती ओळखू येईल असा कोणताही तपशील ओळखीतच मोडतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. म्हणून खोली, वर्ष, गाव, मित्राचं नाव सगळं काढा. एफआयआरचा फोटो ग्रुपवर टाकू नका. ‘मित्रासोबत फिरायला गेली असता’ हे खोडा, त्याने दोष तिच्याकडे सरकतो. आरोपीबद्दल ‘तक्रारीनुसार’ म्हणा. लिहायला भरपूर उरतं: समिती नेमलीय का, तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का, तक्रारीनंतर एफआयआरला किती दिवस लागले, बलात्काराचा तपास दोन महिन्यांत पुरा व्हायचा तो झाला का.

वार्ताहराचा फोन आला तर मी एकच उत्तर द्यायचे: ‘मुलीबद्दल काही सांगणार नाही. समितीबद्दल विचारा, कागद काढून ठेवते.’ रात्री एकटीला निघवत नसेल तर १८१ लावा, ‘अभयम्’ या गुजरातच्या महिला हेल्पलाइनची गाडी दारापर्यंत येते.