आपल्या भागाचा कथा-कवितासंग्रह कसा काढावा? खानदेशाचं उदाहरण

खानदेशातल्या लिहित्या माणसांचा प्रातिनिधिक संग्रह काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी व्हॉट्सॲपवर आवाहन टाकतात. ढीगभर कविता येतात, पण त्या नेहमी कविसंमेलनात दिसणाऱ्यांच्याच. आवाहन जरूर टाका, पण थोडं थांबून. जे स्वतःहून काही पाठवत नाहीत त्यांच्यापर्यंत तुम्ही किती पोचता, यावरच संग्रहाची खरी किंमत ठरते.

आधी हद्द ठरवा

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे आलेच. पण खानदेशची अहिराणी बोली नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण, कळवण, मालेगावातही बोलली जाते. रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, सातपुड्यात भिली आणि पावरी. शिवाय कामधंद्यासाठी सुरतेला, उधना-लिंबायत भागात गेलेली हजारो खानदेशी कुटुंबं आहेत. त्यांना वगळून खानदेश पूर्ण होत नाही, असं माझं ठाम मत आहे. संपादक तिघंच ठेवा. त्यांत किमान एक बाई हवी, आणि तिघं मिळून या बोलींपैकी जास्तीत जास्त बोली कानाने ओळखणारे हवेत.

जुनं साहित्य आणि परवानगी

धरणगावात १८९० साली जन्मलेले बालकवी आणि असोद्याच्या बहिणाबाई यांच्यापासून सुरुवात करणं साहजिक आहे. लेखक जाऊन ६० वर्षं झाली की त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे या दोघांच्या मूळ कविता घेता येतात. बाकी प्रत्येकाकडून लेखी परवानगी घ्या. लेखक हयात नसेल तर वारसांकडून.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांच्या ओव्या ऐकून वहीत उतरवल्या, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर का होईना, पुस्तक निघालं. अशी वही न मिळालेल्या बाया आजही गावोगाव आहेत.

न लिहिणाऱ्यांकडे जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस उत्तम, कारण तेव्हा गौराईची गाणी आपसूक ओठांवर असतात आणि लेकी माहेरी आलेल्या असतात. दुपारी कामाच्या वेळी जाऊ नका. संध्याकाळी ओट्यावर दोघी-तिघींना एकत्र बसवा. एकटी बाई लाजते, "मला कुठं येतं" म्हणते. शेजारीण सोबत असली की एकीने ओळ उचलताच दुसरी ती पुढे नेते, तिसरी मध्येच थांबवून "आमच्याकडे असं म्हणतात" म्हणते. तो पाठभेदही टिपून ठेवा. रेकॉर्डिंगसाठी मोबाइल सगळ्यांच्या मधोमध ठेवा, पंखा बंद करा. लिहून काढलेलं त्यांनाच पुन्हा वाचून दाखवा. नाव, गाव आणि छापायला संमती रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. छापताना "पारंपरिक" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. जिने गायलं तिचं नाव आणि गाव गाण्याखाली आलंच पाहिजे.

कथेच्या बाबतीत शिक्षक, एसटीचे वाहक, बाजार समितीतले हमाल यांना भेटा. लिहायला वेळ नसेल तर बोलतं करा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

निवड

नावं झाकून, फक्त क्रमांक टाकून वाचा. एका लेखकाच्या दोन कविता किंवा एक कथा, याहून जास्त नको. नाकारलेल्यांना वेळेवर कळवा, दोन ओळींत का होईना.

बोली वाचवा

प्रूफं बाहेर गेली की घात होतो. "मनी माय वावरमा शे" (माझी आई शेतात आहे) या अहिराणी ओळीत मुद्रितशोधक प्रामाणिकपणे "वावरात" आणि "आहे" करून टाकतो, आणि ओळ मरते. त्याला आधीच लेखी सांगा की प्रमाण मराठीचे नियम इथे लागू नाहीत; एका लेखकाच्या मजकुरात एकच रूप सगळीकडे राहतं ना, एवढंच पाहायचं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, तीही तपासा. शेवटचं प्रूफ त्या बोलीच्या माणसाने मोठ्याने वाचलंच पाहिजे. अवघड शब्दांचे अर्थ त्याच पानाच्या तळाशी द्या.

पैसा आणि छपाई

निवडलेल्या कवींकडून "सहयोग निधी" घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती पाळू नका. पैसे देणाऱ्याची कविता नाकारता येत नाही आणि मजूर बाई आपोआप बाहेर राहते. त्याऐवजी प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ नोंदणी करा, आणि प्रत्येक सहभागीला एक प्रत मोफत द्या.

डेमी हा पुस्तकाचा नेहमीचा आकार आणि सोळा पानी फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेला सोळा पानांचा गठ्ठा) धरलात तर १९२ पानांचे बरोबर बारा फॉर्म होतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, सरकारकडून विनाशुल्क मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा. ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबाबतच्या १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते.

सोहळा

श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवाला बाहेरगावी गेलेले लोक गावी परततात. त्याच्या आगेमागे एखादी संध्याकाळ धरा. भाषणं दोनच, दहा-दहा मिनिटांची. बाकी वेळ वाचन आणि गाणी. गाणाऱ्या बायांना श्रोत्यांत नव्हे, मंचावर बसवा, आणि पुस्तकाचं प्रकाशन त्यांच्याच हातून करा. दुसरा कार्यक्रम सुरतेला घ्या. तिथे प्रती जास्त खपल्या तर नवल नाही.

नंतर ज्या गावांतून मजकूर मिळाला तिथल्या वाचनालयात आणि शाळेत एकेक प्रत पोचवा. मूळ रेकॉर्डिंग मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी, गाव आणि तारीख लिहून ठेवा. पुस्तकात न मावलेली गाणी पुढच्या भागाला लागतील.