मेटल आणि वेस्टर्न क्लासिकल: एकमेकांना काय ऐकवावं, कसं ऐकवावं

मेटलवाल्याला (मेटल म्हणजे रॉकची जड, कर्कश गिटारची शाखा) क्लासिकल ऐकवायचं असो की उलट, पहिला हात जातो तो ऑर्केस्ट्रासोबत वाजवलेल्या मेटलकडे. दोन्ही एका ताटात, म्हणजे दोघंही खूश, असा साधा हिशेब. तो बहुतेक वेळा चुकतो. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाची गिटार मूळ स्वराच्या वर ओव्हरटोन्सचा, म्हणजे उपस्वरांचा ढीग रचते आणि व्हायोलिन, ब्रास जिथे ऐकू यायचे नेमकी तीच जागा व्यापते. शिवाय डिस्टॉर्शनमुळे हळू आणि जोरात यांतलं अंतर सपाट होतं. परिणामी क्लासिकलवाल्याला ऑर्केस्ट्रा भिंतीपलीकडे वाजतोय असं वाटतं आणि मेटलवाल्याला रिफची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या गिटार-तुकड्याची धार गेल्यासारखी वाटते. डीप पर्पल या रॉक बँडने 1969 मध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर आणि मेटालिका या मेटल बँडने 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर केलेले प्रयोग जरूर ऐका, पण एकत्र ऐकण्याच्या तिसऱ्या-चौथ्या बैठकीत.

जोडी लावायची ती वाद्यांवरून नाही. समोरच्याच्या कानाला कशाची भूक आहे ते आधी ओळखा: वजनाची, वेगाची, संथपणाची की लयीच्या कोड्याची? तीच भूक दुसऱ्या संगीतात कुठे भागते ते शोधा.

वजन आणि भय आवडणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपी जोडी म्हणजे संगीतकार होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मार्स’ आणि ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचं 1970 मधलं ‘ब्लॅक सॅबथ’ हेच नाव असलेलं गाणं. ही ओढूनताणून लावलेली जोडी नाही. सॅबथचा गीझर बटलर बेस गिटारवर ‘मार्स’ वाजवत असे आणि त्यावरून गिटारवादक टोनी आयोमीला रिफ सुचला, असं बँडनेच सांगितलेलं आहे. रिफ तीन स्वरांचा: मूळ स्वर, वरच्या सप्तकातला तोच स्वर आणि मग ट्रायटोन, म्हणजे षड्जावरून थेट तीव्र मध्यम. आधी ‘मार्स’ लावा, सात मिनिटांच्या आसपास. तंतुवाद्यं सुरुवातीला गजाच्या लाकडाने तारांवर आपटून पाच मात्रांचं चक्र वाजवतात, ते बोटांवर मोजायला सांगा. मग सॅबथ. सुरुवातीचा पाऊस आणि घंटा कापू नका; त्या शांततेवरच रिफ कोसळतो.

थ्रॅश, म्हणजे अतिवेगवान मेटल ऐकणाऱ्याला संगीतकार शोस्ताकोविचचं आठवं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना, 1960) द्या, त्यातली दुसरी मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा दुसरा खंड. जेमतेम तीन मिनिटं, चार वाद्यं, ड्रम नाही, तरी मान हलते. मात्र थेट तिथून सुरू केलंत तर अर्धी मजा गेली. पाचही मूव्हमेंट न थांबता एकमेकींत शिरतात, म्हणून पहिलीच्या शेवटच्या मिनिटापासून लावा. आणि एकच इशारा द्या: पहिली मूव्हमेंट ज्या चार स्वरांनी सुरू होते तेच चार दुसरीत वेगात परततात. हे पकडलं की त्याला रिफ सापडला. ज्याला हे पचलं त्याच्यासाठी पुढचा घास बार्टोकच्या चौथ्या क्वार्टेटची (1928) शेवटची मूव्हमेंट.

डूम, म्हणजे संथ, जड मेटल ऐकणाऱ्याला बीथोव्हेन देऊ नका, संगीतकार आर्वो पार्टचं ‘कँटस’ (1977) द्या. एक घंटा आणि तंतुवाद्यं. सगळे एकच उतरता ए मायनर स्केल (ठरलेला स्वरक्रम) वाजवतात, पण प्रत्येक खालचा थर वरच्याच्या निम्म्या वेगाने. सहाएक मिनिटांत ते सगळं खाली बसत जातं आणि तंतुवाद्यं थांबल्यावर घंटेचा झंकार उरतो. तो पुरता विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. ऑटोप्ले बंद केलेलं नसेल तर नेमका इथेच घात होतो.

लयीची कोडी आवडत असतील तर स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’मधला (1913) ‘ऑगर्स ऑफ स्प्रिंग’ हा भाग आणि मेशुगाह या मेटल बँडचं ‘ब्लीड’ (2008). स्त्राविन्स्की एकच कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) सरळ दोन मात्रांत पुन्हा पुन्हा आपटतो आणि आठ हॉर्न भलत्याच जागी जोर देतात. मेशुगाहमध्ये गिटार आणि पायाने वाजणारा दुहेरी बास ड्रम वेड्यावाकड्या लांबीचं चक्र फिरवतात, पण झांज सरळ चारात चालू असते. गोंधळलेल्या क्लासिकलवाल्याला फक्त एवढं सांगा: हाताने झांजेबरोबर चार मोज, गिटारकडे लक्ष देऊ नकोस. दोन मिनिटांत चित्र उलगडतं. उलट केलं, म्हणजे गिटारच मोजायला गेलं, की माणूस हरवतो आणि ‘नुसता गोंगाट’ म्हणून मोकळा होतो.

ब्लॅक मेटल सगळ्यात अवघड, कारण ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमवरचा अखंड अतिवेगवान मारा ऐकून वेग खूप आहे असं वाटतं. ड्रम्स वेगात असतात, पण कॉर्ड सहसा सावकाश बदलतात. म्हणून आधी बाखचा ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’मधला पहिला सी मेजर प्रेल्यूड (छोटी रचना) लावा: बोटं अखंड धावतात, पण जवळजवळ प्रत्येक बारमध्ये (आवर्तनासारख्या मात्रांच्या गटात) एकच कॉर्ड, एकूण 35 बार. कॉर्ड बदलला की बोट वर करायचा खेळ खेळा. मग एम्परर या ब्लॅक मेटल बँडच्या पहिल्या अल्बममधला एखादा तुकडा लावून तोच खेळ. कान ड्रम्सवरून आपोआप उठून मागच्या सुरावटीवर जातो.

आवाजाचं, म्हणजे गाण्याचं काय? पहिल्या बैठकीत शक्यतो गाणं नकोच. वरच्या जोड्यांत सॅबथ तेवढा अपवाद. ‘ब्लीड’ आणि एम्परर दुसऱ्या खेपेला. ग्राउल (मेटलमधलं गुरगुरतं गाणं) आणि ऑपेरातला सोप्रानो (स्त्रीचा सर्वांत उंच आवाज) या दोन गोष्टी परक्या कानाला सारख्याच खुपतात, आणि दोन्हींकडे ‘हे असं का गातात?’ हाच प्रश्न येतो. उत्तर तांत्रिक आहे. ऑपेराचा गायक मायक्रोफोनशिवाय ऑर्केस्ट्राच्या पलीकडे पोचेल असा आवाज घडवतो. ग्राउल करणारा खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंप पावायला लावून सूर बाजूला ठेवतो आणि आवाज तालवाद्यासारखा वापरतो. एवढं आधी कळलं की कान कमी दुखतो. पहिल्यांदा मेटलचं बिनशब्दांचं काही हवं असेल तर मेटालिकाचं ‘ओरायन’ (1986): साडेआठ मिनिटांच्या आतलं, मधे वेग उतरतो आणि बेस गिटार पुढे येते, म्हणजे मूव्हमेंटची सवय असलेल्याला वळणं ओळखीची वाटतात. क्लासिकलचा कंठ ऐकवायचाच तर एकल सोप्रानोऐवजी कोरस बरा. वेर्दीच्या ‘रिक्विएम’मधला (1874) ‘दिएस इरे’ लावा. त्यातला बास ड्रम मेटलवाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता यंत्रणा. निम्म्या बैठका इथेच बिघडतात.

मेटलचं आजचं रेकॉर्डिंग अथपासून इतिपर्यंत एका पातळीला दाबलेलं असतं. ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमध्ये कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत 30 डेसिबलचं अंतर सहज पडतं. आवाजाचं बटण एकाच जागी ठेवलं तर मेटल अंगावर येतं आणि क्लासिकल ऐकूच येत नाही. सरासरीला सरासरी जुळवली तर ऑर्केस्ट्राचा कळस कान फोडतो. उपाय असा: फोनवरच्या डेसिबल मीटरने, बसण्याच्या जागेवरून, मेटल सरासरी 78 ते 80 वर लावा. मग ऑर्केस्ट्राचा सर्वांत जोरकस अर्धा मिनिट शोधून तो त्याच आकड्याला किंवा दोन-चार डेसिबल वर आणा. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. फोनचं मीटर अचूक नसतं, पण इथे फक्त तुलना हवी आहे, म्हणून चालतं. शांत भाग आता 50 च्याही खाली जाईल, तेव्हा पंखा, एसी बंद. त्याहून आवाज वाढवायचा मोह होईल. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस केलेली मर्यादा, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 94 ला एकच तास.

अॅपमध्ये क्रॉसफेड (एक तुकडा पुढच्यात मिसळणं) शून्यावर, शफल आणि ऑटोप्ले बंद, गॅपलेस (तुकड्यांमध्ये खंड न पडणं) चालू. आवाज समान करण्याची सोय असेल तर ती ‘अल्बम’वर ठेवा, ‘ट्रॅक’वर ठेवली तर सिम्फनीची हळवी मूव्हमेंट उगाच फुगते. खिशात मावणारा ब्लूटूथ स्पीकर दोघांवरही सारखाच अन्याय करतो. बेस गिटारची आणि डबल बेस या वाद्याची, दोघांची सर्वांत खालची ई तार साधारण 41 हर्ट्झची, आणि असा स्पीकर तिथे पोचतच नाही. निदान मध्यम आकाराचे दोन स्पीकर, भिंतीपासून हातभर पुढे.

बैठक चार-पाच जणांची, दीड तासाची. प्रत्येकाने एकच तुकडा आणायचा, आठ मिनिटांच्या आतला. क्रम असा ठेवा:

1. वाजवण्याआधी एक वाक्य, त्यात एकच इशारा. चरित्र, पुरस्कार, ‘हे फारच भारी आहे’ यातलं काही नाही.
2. पूर्ण तुकडा, न बोलता, फोन उलटा ठेवून.
3. दोन-तीन मिनिटं गप्पा.
4. पहिली दीड मिनिटं पुन्हा. ही पायरी लोक गाळतात, आणि परक्या संगीतात पहिलं काही सापडतं ते इथेच.

‘आवडलं का?’ विचारू नका. समोरचा एकतर भिडेखातर हो म्हणतो किंवा बचावात शिरतो. ‘पहिला बदल कुठे जाणवला?’, ‘कुठलं वाद्य शेवटपर्यंत थांबलंच नाही?’ असं विचारा. आणि ‘मेटल म्हणजे गिटारवरचं क्लासिकलच’ हे वाक्य टाळा. मेटलचं मूळ बरंचसं ब्लूजमध्ये आहे; गिटारवादक इंग्वे माल्मस्टीनसारखी बरोक (बाखच्या काळातल्या) व्हायोलिनच्या वाटेने गेलेली शाखा आहे, पण ती एक शाखा.

घरी ऐकायला नाव पाठवताना ते पूर्ण पाठवा. ‘बीथोव्हेनची पाचवी’ शोधली तर शेकडो ध्वनिमुद्रणं समोर येतात आणि त्यांतलं एखादं मरगळलेलं नेमकं वर असतं. कार्लोस क्लायबर (कंडक्टर), व्हिएन्ना फिलहार्मोनिक (ऑर्केस्ट्रा), 1974 असं लिहा. मेटलमध्ये गायक कोण, स्टुडिओ की लाइव्ह, मूळ की रीमास्टर हे लिहा. सोबत वेळ द्या, म्हणजे ‘2:40 नंतरचा अर्धा मिनिट ऐक’. चाळीस गाण्यांची यादी कुणीही उघडत नाही.

दुसऱ्या बैठकीला बाजू बदला: मेटलवाल्याने क्लासिकलमधला तुकडा निवडून आणायचा, क्लासिकलवाल्याने मेटलमधला. अॅपोकॅलिप्टिकाचा 1996 चा पहिला अल्बम इथे कामाला येतो, चार चेलोंवर वाजवलेला मेटालिका. आधी मूळ गाणं, मग चेलोंचं, आणि काय गेलं, काय उरलं याची यादी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर करायची.