वॉर्डातल्या गुणांचा फॉर्म: कलमं कमी, परीक्षक जास्त

वैद्यकीय विद्यार्थ्याची वॉर्डातली पोस्टिंग संपताना शिक्षकाकडून त्याच्या गुणांचा वीस कलमांचा (मुद्द्यांचा) फॉर्म भरून घेतला, क्रोनबाख अल्फा हा आकडा ०.९५ (जास्तीत जास्त १) आला, की विभाग निश्चिंत होतो. घाई होते. बऱ्याचदा शिक्षकाच्या मनात एकच मत असतं, 'पोरगं चांगलं हाय', आणि तेच वीस वेळा कागदावर उतरतं. अल्फा कलमांचा आपसातला मेळ दाखवतो. दुसऱ्या शिक्षकाने, दुसऱ्या रुग्णापाशी हेच गुण दिले असते का, हे तो सांगत नाही.

म्हणून फॉर्म आधी छाटा. हिस्ट्री, तपासणी, निदानाची मांडणी, रुग्णाशी बोलणं, नोंदी, वागणूक: एवढं पुरे. अंकांपुढे 'उत्तम', 'बरा' नको, डोळ्यांना दिसणारी कृती लिहा. सर्पदंशाच्या केसमध्ये (पन्हाळा-शाहूवाडीकडून असे रुग्ण कोल्हापुरात येतच असतात) 'चावल्याची वेळ आणि आधी केलेले उपचार आपणहून विचारले' असं. शिवाय 'पाहिलं नाही' हा चौकोन ठेवा, नाहीतर अंदाजाने मधला अंक पडतो.

आता एका विद्यार्थ्यामागे किती फॉर्म लागतील? एका निरीक्षणाची, म्हणजे एका फॉर्मची, विश्वासार्हता (पुन्हा तपासलं तर गुण कितपत तसेच येतील, ० ते १ मध्ये) ०.३ धरली तर स्पिअरमन-ब्राउन सूत्राने (निरीक्षणं वाढवली की विश्वासार्हता किती वाढते, ते सांगणारं) ४ निरीक्षणांची ०.६३, ८ची ०.७७ आणि १०ची ०.८१ येते. पास-नापास ठरवायचं असेल तर ०.८ गाठावी असा संकेत आहे. मात्र दहाही निरीक्षणं एकाच सरांची असतील तर हे गणित फसवं: सर कडक असले तर तो कडकपणा दहाही फॉर्ममध्ये उतरतो. पाच शिक्षक, प्रत्येकी दोन वेगवेगळ्या केसेस, अशी वाटणी करा. दम्याच्या रुग्णापाशी चमकलेला विद्यार्थी पोटदुखीच्या केसला अडखळतो, तेव्हा केस बदलणंही तितकंच गरजेचं.

०.३ हा आकडा उदाहरणापुरता. तुमचा तुम्ही काढा. विद्यार्थ्याने घेतलेली रुग्णाची एकच मुलाखत दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासली असेल तर तिथे आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, दोघांचे गुण किती जुळतात याचा आकडा) वापरा, तोही संपूर्ण सहमतीचा, म्हणजे अंकच जुळतात का ते पाहणारा. साधं कोरिलेशन (दोघांचे गुण सोबत वर-खाली होतात का, एवढंच पाहणारं) नको: एक शिक्षक सरसकट दोन गुण कमी देत असला तरी ते १ येऊ शकतं.

नऊच्या पट्टीवर सगळ्यांना ७-८च मिळत असतील, तर विद्यार्थ्यांमधला फरकच पुसला जातो आणि विश्वासार्हता घसरते. अशा वेळी शिक्षकांना विद्यार्थी रुग्ण तपासतानाचा एकच व्हिडिओ दाखवा, न बोलता गुण लिहायला लावा, आणि जिथे दोनहून जास्त अंकांचा फरक पडला तेवढ्याच कलमांवर चर्चा करा. फॉर्म त्याच दिवशी भरून घ्या. शेवटच्या दिवशी एकाच पेनने भरलेला गठ्ठा आला तर तो आकडेमोडीत धरू नका.