नवगुंजर कसा काढावा

सारळा दासांनी 15व्या शतकात ओडिया भाषेत रचलेल्या महाभारतात डोंगरावर तप करणाऱ्या अर्जुनासमोर नवगुंजर नावाचा एक अजब प्राणी येतो. डोकं कोंबड्याचं, मान मोराची, वशिंड बैलाचं, कंबर सिंहाची, शेपटीच्या जागी नाग. तीन पाय हत्ती, वाघ आणि हरणाचे (काही चित्रकार हरणाऐवजी घोडा काढतात), आणि चौथ्या पायाच्या जागी कमळ धरलेला माणसाचा हात. अर्जुन धनुष्य उचलतो, तेवढ्यात त्याला तो हात दिसतो आणि हा कृष्णच आहे हे उमगतं. चित्रातही नजर फिरून त्या हातावरच यायला हवी. ओडिशात गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांच्या) एका संचात नवगुंजर राजा असतो आणि अर्जुन वजीर. आपल्याकडे गंजिफा म्हटलं की सावंतवाडी आठवते, पण हे पात्र ओडिशाचं.

ए-थ्री आकाराचा, 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) गुळगुळीत कागद आडवा घ्या. चारही कडा टेपने पाटाला चिकटवा, नाहीतर रंगाच्या पहिल्याच हातात कागद फुगतो. काठाला 3 सेंमी सोडा. डोक्याची उंची 3.5 सेंमी धरा; हे झालं एक माप. मान दीड माप, धडाची जाडी दीड, लांबी साडेतीन, पाय अडीच. तोंड डावीकडे.

सगळ्यात आधी मानेपासून नागाच्या फण्यापर्यंत एकच वळणदार रेष ओढा आणि अवयव तिच्यावर बसवा. नऊ प्राणी वेगवेगळे काढून जोडले की सांधे कापून चिकटवल्यासारखे दिसतात. मोराची पिसं वशिंडाकडे येताना पाच-सहा ओळींत लहान करत न्या. पाय जिथे धडाला मिळतात तिथे पट्टचित्रातल्यासारखे (ओडिशाच्या पारंपरिक चित्रांतल्यासारखे) दागिने घाला; सांधा झाकला जातो.

पायांत सर्वात जास्त चुका होतात. हत्तीचा मागचा पाय कुत्र्यासारखा मागे मुडपू नका. तो खांबासारखा सरळ, गुडघा खाली, पुढच्या बाजूला. हरणाचा पाय हत्तीच्या पायाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच जाड, खूर दुभंगलेला. घोडा काढलात तर खूर अखंड. पुढे वाघाचा पाय ठेवा. तिथे हरणाचा काटकुळा पाय दिला की सगळं शरीर पुढे कलंडल्यासारखं वाटतं.

पारंपरिक रंगांतल्या हरताळात आर्सेनिक असतं, हिंगुळात पारा. ते घरी खलू नका. पोस्टर कलर पुरेसे आहेत. रंग पातळ ताकाएवढा करा. लाल पार्श्वभूमी आधी, मग अंगाचे सपाट रंग. रंगाचा दुसरा हात द्यायचा तर पहिला पूर्ण वाळू द्या आणि ब्रश एकदाच फिरवा. घासलात तर खालचा रंग विरघळून वर येतो. पांढरा रंग फक्त कमळासाठी आणि डोळ्यांसाठी राखा. कमळ धरलेल्या हाताभोवती 2 सेंमी लाल मोकळं सोडा, एकही फूल नको. काळी रेष शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने. टाकाची निब या रंगात अडकते आणि पोपडे काढते.

डाव्या बाजूला सुमारे 10 सेंमी जागा उरते. तिथे 8 सेंमी उंचीचा अर्जुन, हातातून धनुष्य सुटताना. पेन्सिलीच्या कामातच त्याच्या डोळ्यापासून कमळापर्यंत पट्टी धरून पाहा. मध्ये काही आडवं येत असेल तर ते खोडा.